उन्हाळ्यात कोंबड्या जगवा

दहा-बारा कोंबड्या म्हणजे मुलांच्या वह्या-पुस्तकांची बेगमी. वैशाखात त्या पटापट मरतात आणि आपण म्हणतो, नजर लागली! तथागतांनी तर कारण शोधायला शिकवले. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. 'क' जीवनसत्त्व तिचे शरीर स्वतः बनवते, पण कडक उन्हात ते पुरत नाही. पशुवैद्यकांना विचारून किलोभर खाद्यात पाव ग्रॅम 'क' जीवनसत्त्व मिसळावे. पाण्यातून दिल्यास रोज ताजे करावे. मात्र आधी सावली, वारा आणि माठाचे गार पाणी हवे; त्यांवाचून औषध व्यर्थ. खाद्य सकाळ-संध्याकाळच घालावे. नवस करून कोंबडी वाचत नाही, कारण कळले की वाचते.