सोंगातले सत्य

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण मी वर्गात शिकवितो. इंग्लंडच्या बीटल्सचे सोंग मात्र पैसाही आणते!

ते चौघे १९७० साली विभक्त झाले. १९८० साली ‘बूटलेग बीटल्स’ ही मंडळी त्यांच्या वेषात उभी राहिली. कपाळावरचे केस, बिनकॉलरचे कोट, टोकदार बूट हे सारे जमविता येते. पण पॉल मॅकार्टनी पडला डावखुरा! त्याचे सोंग हुबेहूब वठवायचे, तर उजव्या वादकाला हातच बदलावा लागतो. त्याच वर्षी डिसेंबरात लेननची हत्या झाली आणि मूळ चौकडी पुन्हा दिसण्याची आशा संपली.

नाके मुरडणाऱ्यांना मी एक आठवण देईन. १९६६ च्या ऑगस्टनंतर बीटल्सनी दौरे सोडले. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ ध्वनिमुद्रिकेसाठी रंगीत लष्करी डगले चढवून त्यांनीच एका काल्पनिक वाद्यवृंदाचे सोंग घेतले. पण ती गाणी चौघांनी मिळून रंगमंचावर कधीच गायिली नाहीत. त्या डगल्यांत उभे राहून ती प्रेक्षकांपुढे गायिली, ती या सोंगाड्यांनी. अस्सलाने अर्धे सोडलेले काम जी पुरे करते, तिला वाचकहो, नुसती नक्कल कसे म्हणावे?