काउंटीच्या दप्तरात माणूस शोधताना

अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी निघाली की घरातलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "तिकडे सगळं ऑनलाइन असतं, नाव टाकलं की कुंडली बाहेर." यातला एक भाग खरा आहे. लग्न, घटस्फोट, घरखरेदी, मृत्युपत्र, खटला यांचे कागद तिथे परक्या माणसालाही पाहता येतात, आणि तेही आपण दचकावं इतक्या मोकळेपणाने. पण ते कुठे असतात, काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याबद्दल आपल्याकडे आणि तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांतही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांची नोंद एकत्र असते.

नसते. अमेरिकेत विवाहांची केंद्रीय नोंदवही नाही, घटस्फोटांची नाही, जमिनींचीही नाही. ही कामं राज्यांची, आणि बहुतेक राज्यांनी ती काउंटीवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागावर, सोपवलेली. अशा काउंट्या ३,१०० हून जास्त आहेत. लॉस एंजेलिस काउंटीत कोटीच्या आसपास वस्ती, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं भरली. दोन्हीकडचं दप्तर वेगळं, ते ठेवण्याची तऱ्हाही वेगळी. कनेटिकटने तर १९६० मध्ये काउंटीची सरकारंच मोडीत काढली, तिथे जमिनीचे कागद गावच्या क्लार्ककडे असतात. न्यू जर्सीत खरेदीखत काउंटीत नोंदवतात, पण लग्नाचा परवाना नगरपालिकेचा रजिस्ट्रार देतो. म्हणजे एडिसनमधल्या जोडप्याच्या लग्नासाठी मिडलसेक्स काउंटीच्या कचेरीत जाऊन उपयोग नाही.

काउंटीच्या आतही एक खिडकी नाही. परवाना क्लार्ककडे, खरेदीखत रेकॉर्डरकडे, मालमत्ताकराचं मूल्यांकन असेसरकडे, खटल्याची फाइल कोर्टाच्या क्लार्ककडे. एकच ॲप उघडून पक्षकाराचं नाव टाकायची सवय आपल्याला ई-कोर्ट्समुळे लागली आहे, तसं काही तिथल्या राज्यांच्या कोर्टांना मिळून नाही. 'अमुक माणूस शोधून द्या' हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही. विचारायचं ते असं : ही गोष्ट घडली असेल, तर ती कुठल्या कचेरीत नोंदली गेली असेल?

गैरसमज : लग्नाची नोंद सापडली नाही, म्हणजे मुलगा अविवाहित.

आपल्या दृष्टीने सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. मुलगा सॅन होझेला राहतो म्हणून सँटा क्लारा काउंटीच्या विवाहनोंदी पाहिल्या आणि निर्धास्त झालो, असं होऊ शकतं. कॅलिफोर्नियात परवाना कुठल्याही काउंटीतून काढता येतो आणि लग्न राज्यात कुठेही लावता येतं. नोंद राहते ती परवाना देणाऱ्या काउंटीत. शिवाय लास व्हेगासला जाऊन लग्न उरकणारे आहेतच, त्यांची नोंद नेवाडातल्या क्लार्क काउंटीत. आणि त्याच कॅलिफोर्नियात गोपनीय विवाह नावाचाही एक प्रकार आहे, त्याची नोंद तिसऱ्या माणसाला दाखवत नाहीत.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी मुख्य मुद्दा उरतो. आधीचं लग्न पुण्यात किंवा सांगलीत लागलं असेल, तर ते कुठल्याही अमेरिकन काउंटीत नोंदलं जाण्याचं कारणच नाही. म्हणून आपल्या लोकांच्या बाबतीत लग्नापेक्षा घटस्फोट शोधावा. लग्न कुठेही लागू शकतं, पण घटस्फोटाचा अर्ज राहत्या जागेला बांधलेला असतो : अर्ज करणाऱ्याने, किंवा जोडीदाराने, कॅलिफोर्नियात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. टेक्सासचा नियम साधारण तसाच, राज्यात सहा महिने आणि काउंटीत ९० दिवस. मुलगा कुठल्या वर्षी कुठल्या शहरात होता एवढं कळलं की कोणत्या कोर्टांत पाहायचं ते ठरतं. कॅलिफोर्नियाच्या अर्जाच्या छापील नमुन्यात लग्नाची तारीख आणि वेगळं राहू लागल्याची तारीख यांसाठी रकाने आहेत. पुण्यातलं जे लग्न तिथल्या कुठल्याच विवाहनोंदीत नाही, ते तिथे तारखेसकट समोर येतं.

पण हे ज्ञानही जपून वापरावं. न्यूयॉर्क राज्यात घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून कुणालाही दाखवत नाहीत. आणि काडीमोड भारतातल्या कौटुंबिक न्यायालयात झाला असेल, तर तो इथेच शोधावा लागेल.

ज्या कागदाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही तो म्हणजे घराचं खरेदीखत. आपल्या सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव असतं, त्याच्या संसाराची हकीकत नसते. कॅलिफोर्नियातल्या खतात मात्र नावापुढे वैवाहिक स्थिती लिहायचा प्रघात आहे : 'अ सिंगल मॅन', 'हजबंड अँड वाइफ ॲज जॉइंट टेनंट्स', किंवा 'अ मॅरिड मॅन, ॲज हिज सोल अँड सेपरेट प्रॉपर्टी'. या शेवटच्या प्रकारात बायकोने आपला हक्क सोडल्याचं वेगळं खतही बरेचदा पाठोपाठ नोंदलेलं असतं, आणि त्यावर तिची सही असते. 'अजून लग्न झालं नाही' म्हणणाऱ्याच्या घराच्या कागदावर हे शब्द निघाले, तर पुढची चौकशी कुठे करायची ते सांगावं लागत नाही. घर ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावावर असलं की हा मार्ग बंद.

गैरसमज : पैसे भरले की साइटवर पूर्ण अहवाल मिळतो.

माणसं शोधून देणाऱ्या खासगी साइट काउंट्यांच्या नोंदी, जुन्या फोन डिरेक्टऱ्या आणि जाहिरातदारांच्या याद्या विकत घेऊन एकत्र कालवतात. त्यातून काय निघतं याचा नमुना २०१६ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. स्पोकिओ या साइटने एका माणसाबद्दल छापलं होतं की तो विवाहित आहे, त्याला मुलं आहेत, पन्नाशीतला आहे, नोकरी उत्तम, शिक्षण पदव्युत्तर. त्याच्या म्हणण्यानुसार यातलं काहीच खरं नव्हतं. याच कंपनीने त्याआधी, २०१२ मध्ये, फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना आठ लाख डॉलरचा दंड मान्य केला होता. आणखी एक गोष्ट : नोकर किंवा भाडेकरू निवडण्यासाठी असले अहवाल वापरायचे तर १९७० च्या एका कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात, म्हणून बहुतेक साइट 'आमची माहिती त्या कामासाठी नाही' असं तळाला बारीक अक्षरांत लिहून मोकळ्या होतात. ते बारीक अक्षर आधी वाचावं.

गैरसमज : सार्वजनिक म्हणजे इंटरनेटवर, फुकट.

कॅलिफोर्नियाच्या कोर्टांचा नियमच आहे की कौटुंबिक आणि फौजदारी खटल्यांची फाइल कोर्टात जाऊन पाहता येते, घरबसल्या पाहता येत नाही. ऑनलाइन मिळतो तो फार तर खटल्याचा क्रमांक आणि तारीखवार नोंदींची यादी. नक्कल हवी तर पानामागे ५० सेंट. फेडरल कोर्टांसाठी पेसर नावाची एक देशव्यापी सेवा आहे : पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. तिथे दिवाळखोरी सापडते. घटस्फोट सापडत नाही, कारण तो फेडरल कोर्टाचा विषयच नाही. काही जण माहितीच्या अधिकाराचा अर्ज धाडायला निघतात, पण १९६६ चा तो अमेरिकन कायदा केंद्राच्या प्रशासकीय खात्यांपुरता आहे, कोर्टांना आणि काउंट्यांना तो लागू नाही.

गैरसमज : नाव जुळलं, माणूस सापडला.

कुलकर्णी, जोशी, पाटील यांच्या बाबतीत तरी हे मनातून काढून टाकावं. वडिलांचं नाव तिथे मधलं नाव होतं, मग एका अक्षरावर येतं, मग गळून पडतं. जन्मतारखेने वेगळं करावं म्हटलं तर तीही मिळत नाही. फेडरल कोर्टांत २००७ पासून दाखल कागदांत फक्त जन्मवर्ष ठेवतात, अज्ञान मुलांची नुसती आद्याक्षरं. कॅलिफोर्नियात २०२१ च्या एका अपील-निकालानंतर जन्मतारीख टाकून खटले चाळायची सोयही कोर्टांना सार्वजनिक सूचीतून काढावी लागली. म्हणजे सूचीत एकाच नावाची पाच माणसं निघाली, तर प्रत्येकाची फाइल उघडून पत्ता, जोडीदाराचं नाव, सही ताडून पाहण्याला पर्याय नाही. हे न करता सहाव्याच कुणाचं लग्न मोडणारे महाभाग असतात.

फाइल उघडली तरी तीत लिहिलेलं सगळं खरंच असतं असं नाही. फिर्याद ही एका बाजूची कैफियत असते, आणि तात्पुरता मनाई हुकूम बरेचदा दुसऱ्या बाजूला न ऐकताच निघतो. नोंदींच्या यादीत पहिली ओळ नव्हे, शेवटची वाचायची : खटला काढून टाकला का, मिटला का, शिक्षा झाली का. उलट बाजूने, यादी कोरी निघाली तरी ती मुळातच कोरी होती असं म्हणता येत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ठरावीक फौजदारी नोंदी आपोआप झाकण्याचा कायदा केला आणि इतर काही राज्यं त्या वाटेने गेली.

गैरसमज : नोंद खुली आहे, तर पत्ता काढण्यात गैर काय?

१९८९ मध्ये रिबेका शेफर या अभिनेत्रीचा तिच्या दारात खून झाला. मारेकऱ्याने तिचा पत्ता खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्यातून मिळवला होता. त्यानंतर १९९४ च्या केंद्रीय कायद्याने वाहन परवान्यावरची खासगी माहिती सरसकट देणं थांबलं. योगायोग असा, की त्याच १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ठिकठिकाणच्या कोर्टांत विखुरलेल्या नोंदी आणि त्यांचं एका ठिकाणी केलेलं टिपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विखुरलेपणातही माणसाला एक आडोसा असतो. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून सुटून गेलेल्या बाईला राज्याकडून पर्यायी पत्ता देण्याची योजना वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये सुरू केली. आज ती बऱ्याच राज्यांत आहे. अशा बाईचा पत्ता सापडत नसेल, तर तो सापडू नये अशीच व्यवस्था केलेली असते. उलट, परदेशस्थ नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी दिल्लीत राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष आहे. तिथे तक्रार गेली की नवऱ्याचा शोध वेगळ्या वाटेने घेतला जातो, आणि घेतला जावा.

हरवलेल्या नातेवाइकासाठी मात्र प्रोबेटची फाइल पाहावी. १९७० च्या दशकात गेलेला काका, पुढे पत्रव्यवहार तुटला, मुलं कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही, अशी उदाहरणं कितीतरी घरांत आहेत. काका वारला तेव्हा जिथे राहत होता त्या काउंटीच्या कोर्टात त्याच्या इस्टेटीचं प्रकरण चाललं असेल, तर त्या अर्जात वारसांची नावं, नातं आणि पत्ते लिहिलेले असतात, कारण त्यांना नोटीस पाठवणं कायद्याने बंधनकारक असतं. क्लार्कला पत्र लिहिताना पूर्ण नाव, त्याची वापरात असलेली सगळी स्पेलिंगं आणि मृत्यूचं वर्ष द्यावं. वर्ष नेमकं ठाऊक नसेल तर आगेमागेची पाच वर्षं लिहावीत.