अळंबीच्या आकाराची प्रवाळं

ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर अब्रोल्योस ही पाच लहान ज्वालामुखीजन्य बेटं आहेत. तिथे गाव नाही. सांता बार्बरा बेटावर १८६१ सालचं दीपगृह आहे आणि ते सांभाळायला नौदलाची मोजकी माणसं राहतात. १८३२ मध्ये चार्ल्स डार्विननं 'बीगल' जहाजावरून येऊन ही बेटं पाहिली होती.

खरं नवल पाण्याखाली आहे. इथली प्रवाळं तळापासून खांबासारखी वर चढतात. ओहोटीच्या पातळीला पोचली, की वरची वाढ थांबते, कारण पाण्याबाहेर ती तग धरत नाहीत. मग ती आडवी पसरतात आणि खांबावर अळंबीसारखी छत्री तयार होते. शेजारच्या छत्र्या एकमेकींना भिडल्या, की सलग पठार बनतं.

प्रवाळांना सहसा नितळ पाणी लागतं. इथलं पाणी अनेकदा गढूळ असतं. पण फक्त ब्राझीलमध्येच आढळणारी 'मुसिस्मिलिया ब्राझिलिएन्सिस' ही जात तो गाळ सोसते. १९८३ मध्ये हा परिसर ब्राझीलचं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झाला. मात्र गाळ सोसणारी ही प्रवाळं तापलेल्या पाण्यात पांढरी पडतात आणि मरू शकतात. त्यांना वाचवायचं, तर उद्यानाची हद्द आखून भागणार नाही. हवा आणि समुद्र तापवणारे वायू जगभर कमी करावे लागतील.