नवल वाटले की थांबा!

वाचकहो, डब्यात डबा, त्या डब्यात आणखी डबा, असा खेळ लहानपणी आपण सगळेच खेळलो आहोत. आपल्या वसई तालुक्यात हा खेळ एकदा खरोखरच घडला, आणि तोही जमिनीच्या पोटात!

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला सोपारा गाव आहे. तिथे विटांचे एक मोठे टेकाड होते. गावकरी त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे कळले. आत एक दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती आठ मूर्ती होत्या. त्यांतल्या सात बुद्धांच्या आणि आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा करंडा निघाला.

आता सांगा, सोन्याच्या करंड्यात काय असेल? हिरे? मोती? निघाली ती मातीच्या भांड्याची १३ खापरे आणि सोबत सोन्याची फुले! ही खापरे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राची म्हणून भक्तिभावाने जपली होती, असे पंडितजींनी मानले.

नवल म्हणजे चुकलेला अंदाज

‘खापरे’ हा शब्द वाचून आपल्या भुवया वर गेल्या ना? हे नवल म्हणजे नेमके काय, याचा अभ्यास थोरामोठ्यांनी फार पूर्वीपासून केला आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ‘विस्मय’ हा अद्भुतरसाचा मूळ भाव सांगितला. भुवया का उंचावतात, तोंड का उघडते, याचा विचार चार्ल्स डार्विनने १८७२ साली एका पुस्तकात केला. अमेरिकेच्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ साली बातमीचे माप काढण्याची रीत दिली. जी गोष्ट घडण्याचा संभव कमी, ती घडल्याच्या बातमीत माहिती जास्त. सूर्य पूर्वेला उगवला, हे ऐकून कोणी मान वर करीत नाही. पण माघात धो धो पाऊस पडला म्हटले की सारे घर अंगणात येते.

पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूचा अभ्यास केला. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या काही पेशी एकदम जाग्या होत. रस येण्याआधी रोज खूण मिळू लागली, तेव्हा त्या पेशी खुणेलाच जाग्या होऊ लागल्या. रस आला तरी त्यांना त्याचे काही वाटेना. खूण मिळूनही रस आला नाही, तर मात्र त्या मंदावत. म्हणजे ‘अंदाज चुकला, आता शीक’ असा निरोपच मेंदू देत असतो.

तान्ही बाळेही तेच करतात

२०१५ साली अमेरिकेत अकरा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला. चेंडू भिंतीतून आरपार गेल्याचे त्यांना भासवले. मग तो हातात दिला, तर बाळांनी तो आपटून पाहिला. खेळणे आधाराशिवाय हवेत राहिल्याचे दाखवले, तर बाळांनी ते खाली टाकून पाहिले. तेव्हा माउलींनो, आपले मूल वाटी पुन्हा पुन्हा आपटते तेव्हा लगेच रागावू नका. ते कदाचित वाटीचीच परीक्षा घेत असेल.

मोठ्यांची खोड

आपण मोठी माणसे मात्र नवल वाटले की ते झाकून टाकतो. उशिरा लावलेल्या खाचरात भात जास्त पिकले, की ओटीवर बसून म्हणतो, “मी म्हणत होतोच!” मनात विचारून पाहा, खरेच म्हणत होता का?

बारुख फिशॉफ या अभ्यासकाने ही खोड १९७५ साली तपासली. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ साली चीन आणि रशियाच्या भेटीला निघाले होते. या भेटींत काय घडेल, याचे अंदाज विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घेतले होते. नंतर तेच अंदाज आठवायला सांगितले, तर जे घडले ते आपण आधीच ओळखले होते, असे पुष्कळांना वाटू लागले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांची आठवणच बदलली होती. आणि अंदाज चुकलाच नाही असे वाटले, तर माणूस शिकणार कशातून?

याला औषध एकच, ते म्हणजे लिहून ठेवणे. सोपाऱ्यात पंडितजींनी कोणती वस्तू कुठे सापडली, ते नीट नोंदवले. त्या पेटीत दुसऱ्या शतकातल्या यज्ञश्री सातकर्णी राजाचे चांदीचे नाणे होते आणि मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. तेव्हा हा स्तूप मध्ये कधीतरी उघडून पुन्हा बंद केला असावा, असे अभ्यासक मानतात. नोंद नसती, तर हे दुसरे नवल कोणाच्या ध्यानातही आले नसते.

आपण काय करावे?

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपण दुधाचा हिशेब लिहितोच. तिथेच आपला अंदाजही लिहावा. या वाफ्यात वांगी किती निघतील, मोगऱ्याचा पहिला तोडा कधी होईल, बावखलाचे पाणी कोणत्या महिन्यात खाली जाईल. घरातल्या प्रत्येकाने, मुलांनी आणि सुनेनेही, आपापला आकडा घालावा. पीक हाती आले की ताडून पाहावे. जिथे आकडा फार चुकला, तिथे थांबून विचारावे, असे का झाले? बियाणे वेगळे होते का? पाणी कमी-जास्त झाले का? उत्तर लगेच मिळणार नाही. पण दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की पाण्याची खोड आणि जमिनीचा गुण आपल्याला उमगू लागतो.

अंदाज चुकला की नशिबाच्या नावाने खापर फोडायची आपल्याला सवय आहे. सोपाऱ्याच्या त्या जुन्या माणसांनी खापर फोडले नाही. सोन्याच्या करंड्यात जपून ठेवले. आपल्याला सोने नको, दिनदर्शिकेतला एक चौकोन पुरे!