मतदान केंद्रावरील मतदाराचे हक्क : गोंदिया जिल्ह्यातील फेरमतदानाच्या निमित्ताने

दि. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान झाले. त्या दिवशी अनेक केंद्रांवर व्हीव्हीपॅट यंत्रे बिघडली आणि ऐन उन्हाळ्याच्या उन्हात मतदार खोळंबले. निवडणूक आयोगाने ४९ केंद्रांवर दि. ३० मे रोजी फेरमतदान घेतले व दि. ३१ मे रोजी मतमोजणी झाली. यंत्र बिघडल्यामुळे रांगेतून परतलेल्या मतदाराचा हक्क बुडतो काय, हा प्रश्न या प्रसंगाने उपस्थित होतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ५८ मध्ये त्याचे उत्तर आहे. मतदान सुरू असता यंत्रात बिघाड झाल्यास आयोगास त्या केंद्रावरील मतदान रद्द ठरवून नव्याने मतदान घेता येते. तसे झाल्यास त्या केंद्रावरील पूर्वीची सर्व मते निरर्थक होतात. म्हणून आधी मत दिलेल्यानेही पुन्हा येणे अवश्य असते. तर्जनीवरील शाई त्यास आड येत नाही. फेरमतदानाची खूण डाव्या हाताच्या मध्यमेवर केली जाते. परंतु ही तरतूद केंद्रापुरती आहे, व्यक्तीपुरती नव्हे. आयोगाने फेरमतदानाचा आदेश दिला नाही, तर घरी परतलेल्या मतदाराचे मत कायमचे हुकते.

यास्तव रांग न सोडणे हाच पहिला उपाय होय. मतदानाची वेळ संपतेवेळी जे रांगेत उभे असतात, त्या सर्वांना मत देऊ देणे केंद्राध्यक्षावर बंधनकारक आहे. गोंदिया जिल्ह्यात या नियमाचे महत्त्व विशेष आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अर्जुनी-मोरगाव व आमगाव या विधानसभा क्षेत्रांत मतदान दुपारी ३ वाजताच संपणार होते. मजुरीचा दिवस बुडेल ही भीतीही कायद्याने दूर केलेली आहे : कलम १३५-ब अन्वये मतदानाच्या दिवशी आस्थापनांतील कामगारांस भरपगारी सुट्टी द्यावी लागते, आणि रोजंदारीवरील कामगारही तीस पात्र असतो.

दुसरा प्रसंग तोतयेगिरीचा. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे असे कळताच पुष्कळ मतदार निमूटपणे परततात. वस्तुतः ओळखीविषयीच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यास अशा मतदारास कागदी मतपत्रिका मिळते. हे प्रदत्त मत वेगळ्या लिफाफ्यात मोहोरबंद राहते व नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. तथापि ते व्यर्थ नसते. निकालास आव्हान दिले गेल्यास न्यायालय त्याचा विचार करू शकते. राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ साली एका मताने निकाल लागला होता, हे येथे स्मरणीय आहे.

तिसरा प्रसंग यंत्राविषयीच्या संशयाचा. मत दिल्यावर काचेमागे सुमारे सात सेकंद चिठ्ठी दिसते. तीवर भलत्याच उमेदवाराचे नाव वा चिन्ह आढळल्यास मतदाराने केंद्राध्यक्षाकडे लेखी तक्रार करावी. मग अधिकाऱ्यांच्या व उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या समक्ष चाचणी-मत घेतले जाते. तक्रार खरी ठरल्यास त्या यंत्रावरील मतदान थांबवावे लागते. खोटी ठरल्यास तक्रारदार शिक्षेस पात्र होतो. म्हणून चिठ्ठी नीट पाहिल्यावाचून तक्रार करू नये, व नीट पाहिली असल्यास भिऊही नये.

अंध वा अशक्त मतदारास अठरा वर्षांवरील सोबती नेता येतो. एका सोबत्यास एका दिवशी एकाच मतदाराचे साहाय्य करता येते आणि गुप्तता राखण्याचे प्रतिज्ञापन द्यावे लागते.

या सर्व तरतुदींत एक समान सूत्र दिसते. त्यांपैकी बहुतेकांचा लाभ मतदार केंद्रावर असेपर्यंतच घेता येतो, आणि तोही त्याने मागितल्यास. कायद्याने दिलेला हक्क केंद्राच्या दारातून बाहेर पडताच निष्फळ होऊ शकतो. म्हणून या हक्कांची माहिती मतदानाच्या दिवसापूर्वीच गावोगाव पोहोचली पाहिजे.