मनीच्या गादीवरचे ‘तांदूळ’

सकाळी अंथरूण झटकताना मांजराच्या बसायच्या जागी तांदळासारखे दोन-चार दाणे दिसतात. सांडले असतील, म्हणून आपण उचलायला जातो, तो त्यातला एक चक्क वळवळतो! मग काय, घरभर गलका! सासूबाई म्हणतात, “आजच्या आज त्या मांजराला लांब सोडून या.” आणि धाकटं पोर मनीला कवटाळून रडायला लागतं.

जरा थांबा. मनीला हाकलण्याआधी हा पाहुणा कोण, ते पाहू.

तो असतो पट्टकृमीचा, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचा तुकडा. जंत आतड्याला डोक्याने चिकटून राहतो आणि अंड्यांनी भरलेले शेवटचे तुकडे एकेक करून गळत राहतात. मांजरांत नेहमी आढळणारे पट्टकृमी दोन. पहिला डिपिलिडियम. त्याची अंडी पिसवेची अळी खाते; पुढे तीच पिसू अंग चाटताना मांजर गिळते. दुसरा हायडॅटिजेरा. त्याची अंडी उंदराच्या पोटात गेली, की उंदराच्या यकृतात वाटाण्याएवढी पांढरी गाठ होते. आत जंताचं पिल्लू घडी घालून बसलेलं! मनीने तो उंदीर खाल्ला, की तिच्या आतड्यात ते वाढून दीड-दोन फुटांचं होतं.

डिपिलिडियमचा ताजा तुकडा काकडीच्या बीसारखा दिसतो, हायडॅटिजेराचा जरा चौकोनी. पण वाळल्यावर ओळखणं अवघड. अंड्यांची गोष्ट तर आणखी अवघड. हायडॅटिजेरा आणि त्याचे भाऊबंद यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब एकसारखी दिसतात. यांच्याच भाऊबंदांत एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस नावाचा एक भयंकर जंत आहे. युरोप, चीन, जपानचा होक्काइडो अशा थंड मुलुखांत तो मुख्यतः कोल्ह्यांत आणि क्वचित मांजरांतही असतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृताचा जीवघेणा आजार होतो. मग निरुपद्रवी कोण आणि घातकी कोण, हे ठरवायचं कसं?

इथे कामाला येते जनुकांची ओळख. जंताच्या इवल्याशा तुकड्यातून किंवा अंड्यातून डीएनए काढतात, त्यातल्या एका ठरावीक जनुकाच्या असंख्य प्रती करतात आणि त्यातली अक्षरं वाचतात. बोटांच्या ठशांसारखंच हे!

या पद्धतीने एक गंमतही उघड झाली. 1786 साली नाव मिळालेला मांजराचा उंदीरवाला जंत दोनशेहून अधिक वर्षं एकच जात समजला जात होता. 2016 साली फिनलंडचे अंट्टी लाव्हिकाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या जंतांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा दिसलं की एका नावाखाली निराळे जंत नांदत होते. आपल्या घरातल्या उंदीर-घुशींमधला तो हायडॅटिजेरा टेनिफॉर्मिस. युरोप आणि उत्तर आशियातल्या आखूड शेपटीच्या रानउंदरांत मुख्यतः आढळतो तो वेगळाच. त्याला नवं नाव दिलं हायडॅटिजेरा कामियाई. दिसायला जुळे, पण घराणी निराळी!

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला याचा उपयोग काय? तर हाच, की जंत कुठला ते कळलं, म्हणजे वाट कुठली बंद करायची ते कळतं. घरी प्रयोगशाळा नको. तुकडा चिमट्याने उचला, छोट्या बाटलीत थोड्या स्पिरिटमध्ये घाला आणि पशुवैद्यांना दाखवा. प्राझिक्वांटेल या औषधाने हे दोन्ही जंत मरतात. मात्र मात्रा मनीच्या वजनानुसार त्यांनीच ठरवायची. माणसांच्या गोळ्या परस्पर देऊ नका.

पण नुसतं औषध देऊन भागत नाही बरं का! जंत पिसवांचा असेल, तर पिसवांवरही उपचार करून घ्या आणि मनीचं अंथरूण गरम पाण्यात धुवा. उंदरांचा असेल, तर धान्य झाकणाच्या डब्यांत ठेवा, बिळं बुजवा. नाहीतर महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच दाणे!

आणि मुलांचं काय? उंदीरवाला जंत माणसाला फारच क्वचित होतो. पिसवांचा मात्र लहान मुलांना कधीमधी होतो, तोही पिसू गिळली गेली तरच. मांजराशी खेळल्यावर हात धुवायला लावा. मुलाच्या शौचात असे दाणे दिसलेच, तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर औषध आहे.

तेव्हा घराबाहेर काढायच्या त्या पिसवा आणि उंदीर. मनीला राहू द्या की!