पुढचं शीड केवढं असावं?

मागच्या वेळी आपण ‘निवड’ या कल्पनेविषयी बोललो, आणि शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं प्रत्यक्षात कुठे दिसतं? आज आपण एक अगदी छोटं उदाहरण घेऊ. क्लबच्या हौशी शर्यतीत शिडाच्या होडीवर पुढचं शीड केवढं लावायचं?

आधी मोजमाप. डोलकाठीपासून नाळेकडच्या तारेपर्यंत डेकवर जे अंतर भरतं, ते धरा १० फूट. शिडाच्या पुढच्या कडेपासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत काटकोनात मोजलेली रुंदी १५.५ फूट भरली, तर ते शीड १५५ टक्क्यांचं. म्हणजे ते डोलकाठीच्या बरंच मागे जातं. ते झालं जेनोआ. शंभराच्या आसपासचं ते जिब.

मोठं शीड म्हणजे जास्त वेग, असं वाटतं ना? पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १० नॉटचा वारा २० झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट. होडी कलते, वाऱ्याकडे तोंड फिरवू लागते, सुकाणू आडवं धरावं लागतं, आणि आडवं सुकाणू म्हणजे पाण्यात लावलेला ब्रेकच. शिवाय जड बुडाच्या होडीला वेगाची मर्यादा असते: पाण्यात २५ फूट लांबी असेल तर साधारण पावणेसात नॉट. तिथे पोचल्यावर जादा कापडातून मिळतो तो फक्त कल.

सॅन फ्रान्सिस्कोची खाडी घ्या. उन्हाळ्यात आतलं खोरं तापतं, समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटमधून आत ओढली जाते, आणि दुपारी २० नॉट वारा म्हणजे तिथे रोजचंच. तिथे लहान जिब शहाणपणाचं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडमध्ये मात्र उन्हाळ्यात वारा कित्येकदा पडलेलाच असतो. तिथे जिबवाला नुसता बघत बसतो.

खरी गोम आहे ती हँडिकॅपमध्ये. अमेरिकेत क्लबच्या शर्यतींत पीएचआरएफ नावाची पद्धत चालते: होडीगणिक मैलामागे ठरावीक सेकंद. अनेक ठिकाणी १५५ टक्के गृहीत असतात. तुमचं सर्वांत मोठं शीड त्याहून लहान आहे असं आधी जाहीर केलंत, तर थोडी सवलत. समजा मैलामागे ३ सेकंद. ६ मैलांच्या शर्यतीत झाले १८ सेकंद. म्हणजे जेनोआ पिशवीत पडून असला तरी त्याची किंमत तुम्ही भरताच! आमच्या मते हौशी लोक इथेच फसतात. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून.

या १८ सेकंदांसमोर दुसरी बाजू ठेवा. वाऱ्याविरुद्ध जाताना होडी नागमोडी चालते, आणि दर वळणाला जेनोआ डोलकाठी आणि तिच्या बाजूच्या तारांवरून ओढून न्यावा लागतो. तरबेज माणसं असतील तर ठीक. बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट आलेले चौघे असतील, तर प्रत्येक वळण महाग. जिब पटकन पलटतं. आणि गुंडाळायच्या जेनोआचा अर्धा भाग गुंडाळून काम भागेल, या भरवशावर राहू नका, बरं का. त्याला पोट सुटतं, आणि जोराच्या वाऱ्यात सपाट शीड हवं असतं.

होडीची घडणही बघावी लागते. १९७०च्या सुमाराच्या बऱ्याच होड्यांत मागचं शीड लहान, पुढचंच खरं इंजिन. त्यांचा जेनोआ काढला तर मंद वाऱ्यात जीवच जातो. जे-१०५सारख्या नंतरच्या होडीचं मागचं शीड मोठं, ती जिबवर खुशाल पळते.

ॲरिस्टॉटल म्हणतो, १० शेर जास्त आणि २ कमी म्हणून ६ सर्वांना योग्य ठरत नाहीत. मायलो पैलवानाला ते कमीच पडतील. म्हणून ‘१३५ टक्के घ्या, मधलं आहे’ हा सल्ला आम्ही देणार नाही. तुमच्या पाण्यावर गेल्या मोसमात किती संध्याकाळी १५ नॉटच्या वर वारा होता, आणि होडीवर किती जण नेमाने येतात, हे क्लबच्या वहीत बघा, आणि मगच हँडिकॅपचा अर्ज भरा.